शिडाच्या बोटीवर सात महिने घर : सांगलीहून मांडवीत (अनुभव आणि प्रश्नोत्तरे)

संगमकाठ । ७ जून, रात्री ९:४०

नोव्हेंबर ते मे आमचं घर मांडवी नदीत होतं. पणजीच्या समोर, बेतीच्या बाजूला, किनाऱ्यापासून दीडशे मीटर आत. मी, नवरा, सातवीतला मोठा आणि तिसरीतली धाकटी. सांगलीच्या गावभागातलं घर सासूबाईंच्या आणि दिरांच्या हवाली करून आम्ही चौघं ३३ फुटी शिडाच्या बोटीवर राहिलो. त्याआधी आमच्यातल्या एकानेही शिडाची दोरी हातात धरलेली नव्हती. मेच्या शेवटी बोट क्रेनने उचलून जमिनीवर ठेवली. आता सांगलीत आलोय, आणि पहिल्या रात्री दोन वाजता मला जाग आली ती खोली हलत नाही म्हणून.

बोट आमची नाही. नवऱ्याचं कुपवाड एमआयडीसीत स्टेनलेसच्या फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गोव्यातल्या एका वयस्कर गृहस्थांच्या बोटीचं रेलिंग त्याने करून दिलं होतं. गुडघ्यांमुळे त्यांना बोटीवर चढणं जमेना, बोट दोन हंगाम नुसती उभी होती. व्यवहार असा ठरला: दुरुस्ती आम्ही करायची आणि एक हंगाम तिच्यावर राहायचं.

का गेलो, हे आधी सांगते. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमचा तळमजला पूर्ण बुडाला. मोठा तेव्हा सहा वर्षांचा. त्याला वरच्या गॅलरीच्या कठड्यावरून रबरी बोटीत उतरवलं, तेव्हा तो माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंतचे दोन-तीन क्षण खाली फक्त गढूळ पाणी होतं. त्यानंतर तो होडीत बसला नाही. हरिपूरला संगमावर नेलं तरी घाटाच्या वरच्या पायरीवरच थांबायचा. २०२१ ला पुन्हा पाणी आलं आणि ती भीती पक्की झाली. सांगलीत राहायचं आणि पाण्याला असं घाबरत राहायचं, हे मला त्याच्यासाठी नको होतं.

मालकांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली: पहिला महिना शिडं पिशवीतून बाहेर काढायची नाहीत. आधी थांबायला शिका, मग जायला शिका. तेव्हा मला ते फार जाचक वाटलं होतं. सात महिन्यांनंतर कोणी एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. बोटीवर राहणं म्हणजे ऐंशी टक्के वेळ एका जागी नीट थांबून राहणं. नांगर, बोटीच्या पोटातलं पाणी, गॅस, वीज. शिडं त्यानंतर.

नांगरापासून सुरुवात करते, कारण झोप त्याच्यावर अवलंबून असते. आमचा नांगर १५ किलोचा, बोट पाच टनांची. १५ किलो पाच टनांना कसे धरतात, हे मला पहिले कित्येक दिवस पटत नव्हतं. नांगर वजनाने धरत नाही, चिखलात रुतून धरतो. रुतायला त्याच्यावरची ओढ आडवी हवी. म्हणून साखळी भरपूर सोडायची, म्हणजे ती तळावर पडून राहते आणि ओढ जमिनीलगत येते. हिशोब भरतीच्या खोलीवर करायचा. आमच्या जागी ओहोटीला ४ मीटर पाणी, त्यात भरतीचे २ मीटर, आणि पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंतचा १ मीटर, असे ७. त्याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर साखळी. दोर असेल तर सातपट. ओहोटीच्या वेळी नांगर टाकून समोर दिसणाऱ्या ४ मीटरवर हिशोब केला की रात्री भरतीला फसगत होते.

नांगर टाकला की इंजिन उलटं चालवून तो ताणून बघायचा. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, जसं पुढचं माडाचं झाड आणि मागचा टॉवर. रेष सुटली आणि परत जुळली नाही तर आपण सरकतोय. मोबाइलवर इशारा देणारी ॲप आहेत, आम्हीही लावायचो, पण रेषेवर भरवसा जास्त.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहीन.

---

तंबोरा_मिरज । ७ जून, रात्री १०:१५

वाचतेय. पुढचं लवकर लिहा. मोठा आता होडीत बसतो का, हे आधी सांगा.

---

तासगावकर_शेतकरी । ७ जून, रात्री ११:०२

ताई, तुमचं नांगराचं वाचून आमचे आजोबा आठवले. लाकडी नांगर खोल जायला हवा असेल तर ते बैलांचं जू फाळापासून लांब बांधायचे. जू जवळ घेतलं की ओढ वरच्या अंगाने लागते आणि नांगर उथळ चालतो. तुमची साखळी लांब सोडणं आणि आमचं जू लांब बांधणं हे एकच गणित आहे. आपल्या भाषेत दोघांनाही नांगर म्हणतात ते उगाच नाही.

---

संगमकाठ । ८ जून, सकाळी ६:३०

@तासगावकर_शेतकरी, दादा, हे इतकं चपखल आहे की मी ते मोठ्याला वाचून दाखवलं. सात महिने मी त्याला साखळीचा कोन वहीवर काढून समजावत होते. शेतातला नांगर त्याने पाहिलाय, एका वाक्यात समजलं.

@तंबोरा_मिरज, बसतो. कसा, ते एप्रिलच्या रात्रीपाशी पोचले की लिहिते.

आता बोटीच्या पोटातलं पाणी. इंग्रजीत त्या जागेला बिल्ज म्हणतात, आम्ही 'तळघर' म्हणायचो. रोज सकाळी चहाच्या आधी फळी उचलून आत बघायचं, हे काम धाकटीचं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिने हाक मारली, आत हाताच्या बोटाएवढं पाणी. अशा वेळी मालकांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे त्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावायचं. गोडं असेल तर आपली टाकी गळतेय, फक्त पिण्याचं पाणी चाललंय. खारं असेल तर नदी आत येतेय.

खारं होतं. माझ्या पोटात गोळा आला.

इंजिनाने फिरणाऱ्या पंख्याचा दांडा जिथे बोटीतून बाहेर जातो तिथून पाणी येत होतं. त्या जागी दांड्याभोवती पिळाची दोरी दाबून बसवलेली असते. नवऱ्याने ती बघितली आणि म्हणाला, ही तर ग्लँड दोरी! कृष्णाकाठच्या प्रत्येक पाणी योजनेच्या पंपात ती असते, त्याने शंभर वेळा बदललीय. बोट जमिनीवर नसल्यामुळे पूर्ण बदलता आली नाही, पण नट अर्धा फेरा आवळल्यावर धार थांबली. दांडा फिरताना मिनिटाला थोडे थेंब पडलेच पाहिजेत, त्या थेंबांनीच तो थंड राहतो. अगदी कोरडा आवळला तर तापून झिजतो. हेसुद्धा पंपासारखंच.

बोटीच्या अंगाला जिथे जिथे भोक आहे, तिथे तिथे एक कॉक असतो आणि त्या प्रत्येक कॉकला सुतळीने एक निमुळती लाकडी खुंटी बांधलेली असते. कॉक तुटला तर खुंटी ठोकायची. दोन्ही मुलांना अंधारात चाचपडत प्रत्येक खुंटी सापडली पाहिजे, असा सराव आम्ही दर रविवारी केला.

---

आलेपाक । ८ जून, दुपारी १:२०

मी साताऱ्याचा. बोट लागण्याबद्दल लिहा. आम्हाला तापोळ्याच्या तराफ्यावरही मळमळतं, आणि ते तर धरणाचं पाणी.

---

संगमकाठ । ८ जून, रात्री ८:५५

@आलेपाक, तुमच्या नावातच अर्धं उत्तर आहे. आल्याचा उपयोग होतो. आम्ही साताऱ्याहून आलेपाकच नेला होता.

डिसेंबरात पहिल्यांदा शिडं उघडून आग्वादच्या बाहेर गेलो. नदीत होतो तोवर सगळे आनंदात. मुखाबाहेरची लांब लाट सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत धाकटी पांढरी पडली, मग मी. माझ्या लक्षात आलेल्या गोष्टी अशा: आत केबिनमध्ये जायचं नाही, नजर क्षितिजावर ठेवायची, मोबाइल आणि पुस्तक बंद, पोट रिकामं नको आणि गच्च भरलेलंही नको. कोरडं भडंग चाललं, तेलकट काही चाललं नाही. सगळ्यात गुण आला सुकाणू हातात देण्याचा. सुकाणू धरणाऱ्याला लाट येण्याआधी कळते, त्यामुळे त्याला कमी लागतं. धाकटीला मांडीवर घेऊन सुकाणू धरायला दिलं आणि तिचा रंग परत आला. दुसऱ्या दिवशी कमी झालं, तिसऱ्या दिवशी जवळजवळ गेलं.

इथे एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. मी भूगोल शिकवते. खारे वारे आणि मतलई वारे पंधरा वर्षं फळ्यावर काढले: दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर जाते, समुद्रावरून वारा येतो; रात्री उलट. बाण काढायचे, मुलांनी उतरवून घ्यायचे. मांडवीचं मुख पश्चिमेला आहे. पहाटे पाच-सहाला मतलई वारा पूर्वेकडून अगदी हलका येतो, जेमतेम शीड फुगेल इतका, आणि बोट इंजिनाशिवाय नदीबाहेर सरकते. दहा-अकराला तो पडतो. तासभर सगळं निपचित. मग दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो आणि संध्याकाळी घरी आणून सोडतो. जायला एक वारा आणि यायला दुसरा, एकाच दिवसात. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंश बाजूने नागमोडी जावं लागतं. त्यामुळे हे दोन वारे असणं ही केवढी मोठी सोय आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर हातातल्या दोरीतून कळलं. किनाऱ्यावरचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या याच वेळापत्रकावर शिडं चालवत आले. पुढच्या वर्षी हा धडा मी फळ्यावरून सुरू करणार नाही.

---

अनुस्वार । ९ जून, सकाळी १०:१०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. नवशिक्या आईवडिलांनी दोन लहान मुलांना सात महिने पाण्यावर ठेवणं मला बरोबर वाटत नाही. शाळा बुडते ती वेगळीच. एखादा पोहता येणारा मुलगासुद्धा रात्री पडला तर काय कराल?

---

पलूसचा_पिंपळ । ९ जून, सकाळी ११:३५

अनुस्वार यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. आमच्याकडे सगळे म्हणायचे, आपण कृष्णेत पोहत वाढलो, जॅकेट कशाला. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढताना होडी उलटली, माणसं गेली. त्या दिवसापासून मी घरात चार लाइफ जॅकेटं आणून ठेवली आहेत. पोहता येणं आणि वाहत्या पाण्यात कपड्यांसकट तग धरणं यांत फार अंतर आहे.

---

संगमकाठ । ९ जून, रात्री ९:१५

@अनुस्वार, राग अजिबात नाही. हाच प्रश्न आम्ही आधी वर्षभर एकमेकांना विचारत होतो.

@पलूसचा_पिंपळ, तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. आमच्याकडे नियम एकच होता आणि त्याला सूट नव्हती: केबिनच्या बाहेर पाय टाकला की जॅकेट. नदीत उभे असलो तरी, पाच मिनिटांसाठी असलं तरी, मोठ्यांनाही. मोठी माणसं घालत नाहीत हे दिसलं की मुलं घालत नाहीत. चालत्या बोटीवर अंधार पडला की कमरेला पट्टा आणि तो डेकवर आडव्या बांधलेल्या पट्टीला अडकवलेला, म्हणजे तोल गेला तरी माणूस बोटीबरोबरच राहतो. मेपर्यंत रात्री बाहेर गेलोच नाही. मेमध्ये फक्त दोनदा गेलो, दोन्ही वेळा मालकांचे एक अनुभवी मित्र सोबत होते.

पडलेल्या माणसाला परत घेण्याचा सराव आम्ही नारळाने केला. सोललेला नारळ पाण्यात अगदी थोडा वर राहतो, माणसाच्या डोक्यासारखाच. मी न सांगता नारळ टाकायचा आणि ओरडायचं. एकाने फक्त नारळाकडे बोट दाखवत राहायचं, दुसरं काहीही करायचं नाही, नजर काढायची नाही. हे काम धाकटीचं. पहिल्यांदा परत पोचायला अकरा मिनिटं लागली आणि त्यातली तीन मिनिटं नारळ कोणालाच दिसत नव्हता, तेही भर दुपारी, सपाट पाण्यात. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं फार वेळ गप्प बसलो होतो. मेमध्ये चार मिनिटांवर आलो. तरी चार मिनिटंही खूप आहेत. म्हणून सगळा जोर पडूच नये यावर.

एकदा आमची चूक झाली, तीही लिहिते. मागून वारा असताना शीड अचानक दुसऱ्या बाजूला गेलं आणि खालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, नवऱ्याच्या खांद्यावर बसला. डोकं चार बोटांनी वाचलं. वारा मागून असताना बूम दोरीने पुढे बांधून ठेवायचा असतो, तो बांधलेला नव्हता. तेव्हापासून बांधल्याशिवाय बोट त्या दिशेला वळवली नाही.

संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइल चालतो तिथवर, आणि रेडिओवर १६ नंबरचा चॅनल. दोन्ही मुलांना रेडिओवर बोटीचं नाव, जागा आणि माणसं किती, हे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत सांगता येतं.

शाळेबद्दल: मुख्याध्यापकांशी बोलून गेलो होतो, वार्षिक परीक्षेला दोघंही येऊन बसली. सकाळी तीन तास अभ्यास रोज व्हायचा. मोठ्याचं गणित सुधारलं, हिंदीचं लेखन मागे पडलं, ते आता भरून काढतोय. दहावीच्या आसपासच्या मुलाला घेऊन मी गेले नसते.

---

कोकणकडा०७ । १० जून, सकाळी ७:५०

वीज-पाण्याचं कसं भागवलंत? फ्रीज चालायचा का?

---

संगमकाठ । १० जून, रात्री १०:०५

@कोकणकडा०७, पुरात राहिलेल्या माणसाला हा भाग सोपा जातो. वरच्या मजल्यावर आठ दिवस लाइटीशिवाय आणि मोजक्या पाण्यात काढलेले असले की सवय असते.

पाण्याची टाकी २०० लिटरची. चौघांना मिळून दिवसाला पन्नास लिटर, म्हणजे चार दिवस. मग २०-२० लिटरचे दहा कॅन छोट्या होडीतून जेट्टीवरून भरून आणायचे. विजेचा पंप आम्ही बंद करून टाकला आणि पायाने दाबायचा पंप ठेवला. पायाने दाबावं लागलं की पाणी आपोआप निम्मं लागतं. ताटं आधी पुसून घ्यायची, मग धुवायची. नदीमुखाचं पाणी स्वच्छ नाही, म्हणून भांड्यांना ते वापरलं नाही.

वीज: १०० अँपिअर-तासाच्या दोन शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या. कागदावर २००, पण निम्म्याच्या खाली उतरवल्या तर त्या लवकर मरतात, म्हणून हातात १००. वर दीड-दीडशे वॅटची दोन सोलर पॅनेलं, चांगल्या उन्हात दिवसाला ७५ ते ८० परत देणारी. एकटा फ्रीज चाळीस-पंचेचाळीस खातो. दिवे, रेडिओ, फोन मिळून पंधरा-वीस. म्हणजे जेमतेम जमतं, मिक्सरला जागा नाही. मी खलबत्ता नेला होता, शेंगदाण्याची चटणी त्यातलीच. कांदा-लसूण मसाला घरचा. भाकरी बोटीवर उत्तम होते, फक्त ज्वारीचं पीठ दहा दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, दमट हवेत कडू होतं. धान्य पितळी डब्यांतून नेलं होतं, ते पंधरा दिवसांत हिरवं पडलं. प्लॅस्टिकचे फिरकीच्या झाकणाचे डबे घ्या.

गॅसबद्दल जीव तोडून सांगते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारातून थोडाफार निघून जातो. बोट म्हणजे तळाला भोक नसलेलं भांडं, गॅस तळघरात उतरून तिथेच साठतो, आणि तिथेच बॅटरीच्या वायरी असतात. सिलिंडर बाहेर, खाली समुद्राकडे उघडणारं भोक असलेल्या कप्प्यात. प्रत्येक स्वयंपाकानंतर शेगडीचा नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. तळाशी गॅसचा इशारा देणारं यंत्र. यात काटकसर करू नका.

---

बामणोली_लाँच । ११ जून, दुपारी ३:४०

आमच्या घरात दोन पिढ्या शिवसागरवर, म्हणजे कोयनेच्या जलाशयावर, लाँच आहे. तुमचं थांबायला शिकण्याचं पटलं. काका म्हणतात, लाँच चालवणं आठवड्यात येतं, धक्क्याला लावणं वर्षाने येतं. नवख्यांनी आधी कोयनेच्या पाण्यात शिकावं का?

---

संगमकाठ । ११ जून, रात्री ९:३०

@बामणोली_लाँच, काकांना नमस्कार सांगा. धरणाच्या पाण्यात भरती-ओहोटी नाही, त्यामुळे आमच्या शिकण्यातला निम्मा भाग तिथे मिळणार नाही. डोंगराच्या घळींतून वारा अचानक वळतो, ते नवख्या शिडाला अवघड. शिवाय तो अभयारण्याचा शेजार, परवानगीशिवाय काही करू नये. पण वल्ही मारणं, धक्क्याला लावणं, गाठी, हे तिथे काकांसारख्या माणसाकडून शिकायला मिळालं तर सोनंच.

भरतीवरून सासूबाईंचं लिहायलाच हवं. त्या फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी आल्या आणि महिनाभर राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कालनिर्णय मागितलं. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे म्हणतात, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आम्ही छापील तक्त्याशी ताडून बघितलं. मांडवीत भरती त्या हिशोबापेक्षा जरा आधी येते, पण दिवसाचं नियोजन करायला पुरेसं. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द मुलांनी त्यांच्याकडूनच घेतले. त्यानंतर छोट्या होडीतून जेट्टीवर कधी जायचं हे आईच ठरवायच्या, म्हणजे वल्हवताना पाणी आपल्या बाजूने.

नदीत ओहोटी लागली की बोट आपोआप तोंड फिरवते. दिवसातून चार वेळा घराचं दार वेगळ्या दिशेला. आईंची देवपूजा पूर्वेला तोंड करून असायची, त्या पाणी फिरायची वाट बघून बसायच्या.

---

तंबोरा_मिरज । १२ जून, सकाळी ९:००

एप्रिलची रात्र राहिली!

---

संगमकाठ । १२ जून, रात्री १०:४५

लिहिते.

एप्रिलच्या मध्यावर शेजारी दुसरी बोट येऊन उभी राहिली. फिरताना एकमेकांवर आदळू नये म्हणून आम्ही साखळी कमी करून २० मीटर ठेवली. जागा बदलायला हवी होती, पण संध्याकाळ झाली होती आणि दमलो होतो. भरतीला ३५ लागतात हे माहीत असून २० वर झोपलो.

रात्री दीडला वळीव आला. आपल्याकडे येतो तसाच, आधी मातीचा वास, मग एकदम वारा. इतके महिने न पाहिलेल्या जोराचा, जमिनीकडून, पूर्वेचा. भरती पूर्ण होती. जेट्टीचा दिवा आणि टेकडीवरच्या टॉवरचा लाल दिवा ही आमची रात्रीची रेष. मी बाहेर आले तेव्हा दोन्ही दिवे एकमेकांपासून सुटलेले होते, आणि बघता बघता अंतर वाढत होतं. साखळीवर हात ठेवला तर ती खरखरत होती, म्हणजे नांगर चिखलावरून घसरत होता.

नवरा इंजिनाकडे गेला, मी पुढे साखळीकडे. पाण्याची खोली दाखवणाऱ्या मीटरसमोर कोणीतरी हवं होतं. मागे उथळ होतं, आणि इंजिनाच्या आवाजात मला तिकडचं काही कळत नव्हतं. मी धाकटीला आत थांबायला सांगितलं आणि मोठ्याचं नाव घेणारच होते, तर तो जॅकेट घालून, पट्टा अडकवून मीटरपाशी उभा होता. सहा दशांश एक. पाच दशांश आठ. पाच दशांश चार. आवाज थरथरत होता, पण प्रत्येक आकडा स्पष्ट. मी उरलेली सगळी साखळी सोडली, चाळीस मीटर पूर्ण. नवऱ्याने इंजिन हळू पुढे ठेवून ओढ कमी केली. चार दशांश नऊ. चार दशांश नऊ. चार दशांश नऊ. तिसऱ्यांदा तोच आकडा आला तेव्हा साखळी ताठ झाली आणि बोटीने झटक्यात नाक वाऱ्याकडे केलं. नांगराने धरलं होतं.

पाऊण तासात वारा गेला. आम्ही चौघं चिंब भिजून डेकवर बसलो होतो. मोठा म्हणाला, "आई, तेव्हा गॅलरीतून मला काहीच करायला नव्हतं." एवढंच. मी त्याला काही समजावत बसले नाही, जवळ घेतलं. मग तो उजाडेपर्यंत दिव्यांची रेष बघत बसला, मला झोप म्हणाला. सकाळी आम्ही जागा बदलली.

आठवड्याने त्याने छोटी होडी एकट्याने वल्हवत जेट्टीपर्यंत नेली आणि आणली. मी डेकवरून बघत होते.

---

पलूसचा_पिंपळ । १२ जून, रात्री ११:३०

ताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मुलाला शाबासकी.

---

अनुस्वार । १३ जून, सकाळी ८:२०

माझं मत पूर्ण बदललेलं नाही, पण तुम्ही चूक लपवली नाहीत याबद्दल आदर वाटतो. नौदलातल्या मुलींच्या तारिणी बोटीवरच्या प्रवासाची आठवण झाली.

---

संगमकाठ । १३ जून, दुपारी २:१०

@अनुस्वार, धन्यवाद. तारिणी आणि त्याआधीची म्हादेई, दोन्ही बोटी मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या. म्हादेईवरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. तारिणीवरच्या सहा जणींची परिक्रमा २०१७-१८ ची, २५४ दिवसांची. धाकटीने त्यांच्या मार्गाचा नकाशा केबिनच्या दारावर चिकटवला होता. पण ती नौदलाची प्रशिक्षित माणसं. आम्ही नदीच्या मुखापासून वीस मैलांच्या पलीकडे गेलो नाही आणि पुढच्या हंगामातही जाणार नाही.

---

तासगावकर_शेतकरी । १४ जून, सकाळी ७:१५

ताई, पुढच्या हंगामाचं ठरलंय म्हणजे. रात्री अंधारात साखळी किती सोडली ते कसं मोजता? आणि साखळी आता कुठे आहे?

---

संगमकाठ । १४ जून, रात्री ८:३०

दादा, आधी दर पाच मीटरवर रंग मारला होता. त्या रात्री टॉर्च तोंडात धरूनही रंग ओळखता येईना. आता प्रत्येक खुणेला केबल टाय बांधतोय: पाचला एक, दहाला दोन, पंधराला तीन, वीसला चार. मग पंचविसापासून परत एक, पण जोडीला कापडाची चिंधी. हाताला कळतं, डोळ्यांची गरज नाही.

साखळी इथेच आहे. सगळी छप्पन्न किलो, नवऱ्याने गाडीत घालून आणली. गंज धरलेल्या कड्या तपासून पुन्हा जस्त चढवायला द्यायची आहे. सध्या वर्कशॉपच्या फरशीवर अंथरलेली आहे आणि दोघं मुलं टाय बांधतायत. रविवारी कुपवाडकडे येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नातवंडांनाही घेऊन या. आजोबांच्या जुवाचं गणित मोठ्याला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.